कॅमेऱ्याले दसऱ्याचं तेल

मले एकच औषध माहीत हाय. तेल. आमच्या अमडापुरात कोनाचा फवारनीचा पंप जड झाला, शिलाई मशीनचं चाक फिरेना, कुलपात चाबी अडकली, की लोक मले बोलावतात, अन् मी तेलाची कुपी घेऊन जातो. दहापैकी आठ वेळा काम होते. उरलेल्या दोन वेळा मी म्हनतो, तेल मुरू द्या, अन् घरी निंघून येतो. एवढ्यावर लोक मले मिस्त्री म्हनाले लागले. चौथीत दोनदा नापास झालो तवा मास्तरनं माह्या बापाले सांगितलं होतं, याचं डोकं चालत नाई, पन हात चालते. बापानं त्याच्यातलं अर्धंच ऐकलं अन् मले पंपाच्या दुकानात बसवलं. कोनतं अर्धं ऐकलं, ते मले अजून समजलं नाई.

माही सासुरवाडी डोनगावची. सासऱ्याले मी मामाजी म्हनतो अन् सासूले मामी. मामाजीचा डोनगावच्या बाजारात फोटोचा धंदा होता. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, निराधार योजनेच्या फॉर्माले लागनारे दोन-दोन फोटो, सारं त्याईनंच काढलं. मोबाईल आले अन् धंदा बसला. दुकान सोडलं तवा बाकी सामान विकलं, पन तीन पायाची तिपाई, फिल्म धुवाचा डबा अन् एक कॅमेरा ठेवला. जुना, विलायती, घडीचा. झाकन उघडलं की चामड्याचा भाता बाहेर येते अन् त्याच्या तोंडाशी काच. त्या काचेच्या पोटात लोखंडाच्या पाच पाकळ्या हायेत, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ. बटन दाबलं की पाकळ्या उघडतात अन् लगेच मिटतात. मामाजी म्हनत, कॅमेऱ्याचं बाकी सारं खोकं हाय, जीव त्या पाकळ्यायमंधी हाय.

डोनगावच्या घराचा स्लॅब टाकाचा होता. सिमेटाची धूळ लागंल म्हनून मामाजीनं तो कॅमेरा आमच्याकडं ठेवाले देल्ला. जवाई मिस्त्री हाय, यंत्राची कदर करंल, असं म्हनले. मानूस चांगला हाय, पन तवा त्याईची माही वळख नवीन होती. लग्नाले फक्त बावीस वर्षं झाली होती.

आमच्याकडं दसऱ्याले यंत्राची पूजा होते. पाने, पकडी, पंप, बायकोची शिलाई मशीन, मोटारसायकल, सारं धुवाचं, पुसाचं, तेल द्याचं, हळद-कुंकू लावाचं, झेंडूचं फूल वाहाचं. सनाच्या दिवशी यंत्र कोरडं ठेवू नये, हे माह्या बापाचं सांगनं. मी बापाचं दुसरं काही ऐकलं नाई, हेच ऐकलं. कॅमेरा घरात आला त्या दसऱ्याले मी तो बी पाटावर मांडला. सासऱ्याचं यंत्र, म्हनून सगळ्यायच्या मधात मांडला. काचेच्या बाजूले बटनाची एक बारीक खाच हाय. तिच्यातून शिलाई मशीनचं तेल टाकलं. पाच थेंब. मंग काचेच्या कडेले बोटानं कुंकू लावलं, अन् हात जोडले. असे तीन दसरे झाले. तिसऱ्या वर्षी कुंकू जरा जास्तच लावलं, कारन त्या साली धंदा बरा झाला होता.

मागच्या हिवाळ्यात मामाजी आले. डाव्या डोळ्यानं दिसनं बंद झालं होतं. बुलढान्याच्या डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू हाय, गेलेलं येत नाई, अन् उजव्यातलंही हळूहळू जाईल, त्याचा भरवसा धरू नका. उजव्या डोळ्यानं त्याईले मधातलं तेवढं दिसे, नळीतून पाह्यल्यासारखं. कडेचं सारं काळं. चहाचा कप समोर ठेवला तं दिसे, बाजूले ठेवला तं सांडे.

हे सारं त्याईनं बातम्या सांगाव्या तसं सांगितलं. मंग म्हनले, "हा डोळा हाय तवरी तुह्या मायचा एक फोटो काढाचा हाय. उघड्या डोळ्याचा."

हे माह्या बायकोले उद्देशून होतं. अन् हे समजाले मामीचं सांगनं भाग हाय. मामीचा जलमात एकही फोटो उघड्या डोळ्याचा नाई. आमच्या लग्नाच्या अल्बमात ती चौदा ठिकानी हाय अन् चौदाही ठिकानी झोपेल हाय. एका फोटोत ती मले ओवाळून राह्यली, हातात ताट, डोळे बंद, असं वाटते की मले पाहाची तिची हिंमत होत नाई. मामाजी "रेडी" म्हनले की इकडं तिचे डोळे मिटलेच. आधार कार्डावर मात्र उघडे हायेत, पन इतके उघडे हायेत की तो फोटो पाहून बँकेतल्या बाईनं तिले पानी देल्लं होतं.

बायको म्हनली, "बाबा, मी मोबाईलवर काढते ना. शंभर काढू, एक तरी चांगला निंघंल."

मामाजी म्हनले, "मोबाईलनं तू काढशील. मले काढाचा हाय."

मंग मी कॅमेरा आनून देल्ला. फडक्यात गुंडाळेल होता, फडक्याले झेंडूचा वास होता. मामाजीनं झाकन उघडलं, भाता ओढला, कळ ताणली अन् बटन दाबलं. आवाज आलाच नाई. पाकळ्या अर्ध्या उघडल्या अन् तशाच बसल्या. त्याईनं अजून एकदा दाबलं. पाकळ्यायनं जरासं अंग हलवलं, उनाळ्यात दुपारी म्हैस हलवते तसं, अन् थांबल्या.

मामाजीनं कॅमेरा नाकापाशी नेला. लय वेळ तसाच धरला. मले वाटलं, जवळून पाहून राह्यले.

"बंद ठेवला म्हनून असं झालं," ते म्हनले. "यंत्र वापरलं नाई की रुसतेच. नाई का हो, जवाई?"

मी म्हनलो, "हाव."

या हावची मले आजही लाज वाटते. पन तवा तो असा निंघाला, तेल लावल्यासारखा. अन् एवढ्यावर थांबलो नाई. म्हनलो, मामाजी, काळजी करू नका, माह्याकडं ठेवून जा, मी दुरुस्त करतो. मामाजीनं माह्या खांद्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी मामीनं साऱ्या डोनगावले सांगितलं की आमचे जवाई विलायती कॅमेरा खोलून राह्यले. तिसऱ्या दिवशी तिथून एका जनाचा फोन आला, आमचा टीव्ही पाहून देता का.

म्हनजे माह्यामुळं सासऱ्याचा एकुलता एक फोटो अडेल, डॉक्टरनं डोळ्याचा भरवसा देल्ला नाई, अन् कौतुक माहं होऊन राह्यलं. अशा वेळी शहान्या मानसानं काय केलं असतं ते मले माहीत नाई. मी दोन थेंब तेल अजून टाकलं.

त्यानं दहा मिनिटं पाकळ्या चालल्या. मी इतका खूश झालो की बायकोले हाक मारली. ती येईपर्यंत बंद पडल्या.

बायको बारावी पास हाय. तिनं माह्या हातातली कुपी पाह्यली, पाकळ्या पाह्यल्या, पाकळ्यायवरची तेलाची चकाकी पाह्यली. मंग म्हनली, "दसऱ्याले याच्यात बी टाकलं होतं?"

"पूजा केली होती."

"तिन्ही साल?"

मी काही बोललो नाई. आमच्या घरात माह्या गप्प बसन्याले हाव समजतात. ती म्हनली, बाबाले आताच सांगू नका, नाई तं ते कॅमेरा तुमच्या हातात राहू देनार नाईत, अन् दुसरं कोनी दुरुस्त करनारं तं दिसत नाई. फोटो निंघाल्यावर सांगा. पन सांगा. असं म्हनून तिनं मले चिखलीच्या घड्याळवाल्या चाचाकडं पाठवलं.

चाचाचं दुकान म्हनजे जिन्याखालचं कपाट. त्याच्यात चाचा, टेबल अन् बंद पडलेली घड्याळं मावतात, गिऱ्हाईक बाहेर उभं राह्यते. चाचानं डोळ्याले भिंग लावलं, काचेतून आत पाह्यलं, मंग भिंग काढलं अन् मले पाह्यलं.

"मिस्त्री, तुमी पत्ते खेळता?"

म्हनलं, खेळतो.

"नवी गड्डी कशी सरकते? त्याच्यावर तेल टाकलं तं पिसता येईल का? एकाले एक चिकटंल. ह्या पाकळ्या म्हनजे पाच पत्ते हायेत. ह्या कोरड्याच चालतात. घड्याळाले मी सुईच्या टोकावर तेल देतो, याले तेवढं बी देत नाई."

मले लगेच समजलं. शाळेत कोनी पत्त्यावरून समजावलं असतं तं मी पाचवीत गेलो असतो.

चाचानं परत भिंग लावलं. "अन् हे लाल काय हाय?"

"कुंकू."

"कॅमेऱ्याच्या आत?"

"वरून लावलं होतं. तेलासोबत आत गेलं असंल."

चाचानं भिंग फडक्यानं पुसलं. मंग शांतपने त्यानं इचारलं, "हळद?"

म्हनलं, हळद दुसऱ्या बाजूनं लावली होती.

चाचा म्हने, माहा हात आता थरथरते, घड्याळाची पट्टी बदलतो अन् सेल टाकतो, एवढंच करतो. तू खोल, मी सांगतो. म्हनून चाचा आत अन् मी बाहेर स्टुलावर, मधात टेबल, असे आमी बसलो. काचेभोवती एक कडं असते, त्याले समोरासमोर दोन बारीक खाचा. ते फिरवाले दोन टोकाचं हत्यार पाह्यजे. माह्या पेटीतला सगळ्यात बारीक पाना त्या कड्याहून मोठा निंघाला. चाचानं मले समोरच्या पुस्तकाच्या दुकानात पाठवलं अन् कंपास पेटी आनाले सांगितली. तिच्यातलं कर्कटक म्हने त्या खाचात बराबर बसते. बसलं. वयाच्या पन्नाशीत मी जलमातली पहिली कंपास पेटी घेतली अन् तिचा उपेग झाला. दुकानदारानं इचारलं, कितवीत हाय? मी म्हनलो, चौथीत.

कडं निंघालं, काच निंघाली, अन् पाकळ्या उघड्या पडल्या. चाचानं पांढरं पेट्रोल देल्लं, गरम कपडे धुवाले वापरतात ते. म्हने, गाडीतलं घेऊ नको, त्याच्यात चिकटपना असते. कानातल्या कापसाच्या काडीनं पेट्रोल लावाचं, कळ ताणाची, सोडाची, तेल बाहेर आलं की टिपून घ्याचं, सुकू द्याचं, परत लावाचं. काड्या लाल निंघाले लागल्या. रस्त्यानं जानारा एक मानूस उभा राह्यला अन् इचारलं, चाचा, दात काढून राह्यले का कोनाचे?

सुकलं की पाकळ्या चालत. घरी आनलं, रातभर ठेवलं, की सकाळी परत चिकटत. आतल्या फटीतून तेल झिरपून बाहेर येई. चाचा म्हने, तीन साल मनापासून पाजलं हाय, एका दिवसात कसं निंघंल. अमडापूर ते चिखली मी सहा चकरा मारल्या. चौथ्या चकरीत एक स्प्रिंग उडाली. मिशीच्या केसाएवढी स्प्रिंग. चाचा म्हने, हलू नको. मी हललो नाई. चाचानं टेबल पाह्यलं, जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवून जमीन पाह्यली, शेजारच्या पानठेल्यावाल्यानं टॉर्च आनून नाली पाह्यली. अर्ध्या तासानं मले तंबाखूची तलफ आली अन् मी शर्टाच्या खिशात हात घातला. स्प्रिंग पुडीवर बसेल होती. ती परत लावाले मले पाऊन घंटा लागला, अन् त्या पाऊन घंट्यात चाचानं दम धरून ठेवला, कारन फुंकर गेली असती तं परत शोधाशोध.

सहाव्या चकरीत चिट् असा आवाज आला. पाकळ्या उघडल्या कवा अन् मिटल्या कवा, दिसलंच नाई. चाचानं मले शंभर वेळा दाबाले लावलं. शंभरही वेळा चिट्. मी चाचाले हात जोडले. चाचानं हात पुढं केला अन् माही तेलाची कुपी मागून घेतली. म्हने, फोटो निंघेपर्यंत हे इथं राहू दे.

बायकोनं मोबाईलवरून फिल्मचा रोल अन् तो धुवाचं औषध मागवलं होतं. एका रोलात बारा फोटो. दुसरा रोल तिथं शिल्लकच नव्हता, मंग एकच आला. सकाळी सकाळी आमी मोटारसायकलवर डोनगावले निंघालो. थंडी अशी होती की हाताची बोटं हँडलले चिकटली. कॅमेरा बायकोनं शालीत गुंडाळून पोटाशी धरला होता, अन् मले तिनं सारा रस्ता एकच गोष्ट सांगितली, खड्डा पाहा.

डोनगावले मामी तयार होती. पाहाटे मळ्यात जाऊन मेथी काढून, जुड्या बांधून बाजारात धाडून, मंग न्हाऊन, सनाचं लुगडं नेसून, अंगनात खुर्चीवर बसेल होती. मामाजीनं कॅमेरा हातात घेतला, कळ ताणली, दाबली. चिट्. अजून दाबली. चिट्. माह्याकडं तोंड केलं, पन मी उभा होतो दुसरीकडं. तिकडंच पाहून म्हनले, "वा, जवाई."

मले वाटलं, आताच सांगून टाकावं. बायकोनं मले डोळ्यानं थांबवलं.

कॅमेरा तिपाईवर लावला. मामाजीनं वाकून खिडकीतून पाह्यलं. एका बारक्या खिडकीतूनच पाहाचं असते त्याच्यात, तिथं नळीच्या डोळ्याचं काही अडत नाई. अंगनात चालतानी ते भिंतीले हात लावून चालत, अन् कॅमेऱ्यामागं उभे राह्यले की पहिल्यासारखे ताठ. मामीचे डोळे पाहाचं काम माह्याकडं अन् बायकोकडं होतं. ते म्हनले, "रेडी." चिट्.

"मिटले, बाबा," बायको म्हनली.

दुसऱ्या वेळी त्याईनं रेडी म्हनलंच नाई. मामीनं बोट पाह्यलं. मिटले. तिसऱ्या वेळी बोट रुमालाखाली लपवलं. मामीनं रुमाल पाह्यला. चौथ्या वेळी तिले म्हनलं, आधी डोळे मिटून घे अन् मी सांगतो तवा उघड. तिनं एक उघडला. पाचव्या वेळी मामाजी म्हनले, जवाई, तुमी तिले काही गमतीचं सांगा, ध्यान दुसरीकडं जाईल. मी चौथीत नापास झाल्याचं सांगितलं. ती इतकी हसली की दोन फोटो हसन्यात गेले, अन् हसतानी डोळे मिटतातच. सातवा, आठवा अन् नववाही गेला. मामी म्हनली, "अहो, राहू द्या ना. काय पाहाचं हाय त्या फोटोत? मी हावोच ना इथं."

मामाजीनं कळ ताणली. दहावा. बटन दाबलं, अन् चिट् आलंच नाई.

मी काचेत वाकून पाह्यलं. पाकळ्या आ करून बसेल होत्या. थंडीनं उरलंसुरलं तेल आखडलं असंल. मामीनं डोळे मिटून घेतलेच होते, आवाज आला नाई म्हनून उघडले, आमच्याकडं पाह्यलं अन् इचारलं, "झालं का?" मंग पाकळ्या आपल्या मनानं हळूच मिटल्या.

मी हात पुढं केला. म्हनलो, मामाजी, द्या, मी परत खोलतो.

"हात लावू नका," मामाजी म्हनले. आवाज चढवला नाई. "कोनतं तेल टाकलं होतं?"

मी हात मागं घेतला. मी म्हनलो, "शिलाई मशीनचं."

"किती?"

"दसऱ्याले पाच थेंब."

"पाच काऊन?"

"शुभ असते."

"किती दसरे?"

"तीन. अन् दुरुस्तीच्या वेळी दोन थेंब."

मामाजीनं मनात बेरीज केली. "सतरा," ते म्हनले. "तुमच्या घरी हातात घेतला तवाच वास आला होता. माहा डोळा गेला हाय, जवाई, नाक हाय. मले वाटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मंग म्हनलं, दुरुस्त करून राह्यले ना, करू द्या."

मी मान खाली घातली. त्याईले ती दिसली नसंल, कारन मी मधात नव्हतो, कडेले होतो. म्हनून तोंडानं बी म्हनलो, चुकलं, मामाजी.

मामीनं इचारलं, "कॅमेऱ्याले तेल टाकत नाईत का?" तिच्या तोंडावरून मले वाटलं, ती असती तं तिनं बी टाकलं असतं. माहं एवढंच समाधान.

बायको मात्र दुसऱ्याच इचारात होती. म्हनली, "बाबा, आता अडकला ना, तवा आईचे डोळे आधी मिटले, पन मंग उघडले. पाकळ्या मिटल्या तवा उघडेच होते."

मामाजीनं मान वर केली. "किती वेळ उघडे होते?"

"दोन-तीन अंक मोजाएवढे."

मामाजी तिपाईले धरून उभे राह्यले. मंग मले म्हनले, खुर्ची आत घ्या, ओसरीवर, जिथं ऊन नाई तिथं. मी घेतली. काचेभोवतीचं एक कडं फिरवून त्याईनं काचेचं भोक एकदम बारीक केलं. दुसरं कडं बोटानं चाचपत शेवटाले नेलं. तिथं इंग्रजीतलं एक अक्षर हाय, इंग्रजी आठाच्या आकड्याले डाव्या बाजूनं चापट मारल्यासारखं. मामाजीनं सांगितलं, तिथं ठेवलं की बोट दाबून हाय तवरी पाकळ्या उघड्या राह्यतात, मंग त्या जरा हळू मिटल्या तरी बिघडत नाई. सावलीत, बारीक भोकातून, दोन-तीन अंक उजेड घ्याचा. सुरवातीले डोळे मिटले तं मिटू दे. बाकी वेळ उघडे राह्यले तं फोटोत उघडेच येतात.

मी इचारलं, "मामाजी, हे तुमाले आधीच माहीत होतं?"

"धंद्यातल्या कोनालेही माहीत असते."

"मंग इतकी वर्षं काऊन नाई काढला?"

कडं फिरवता फिरवता ते म्हनले, "तिचा फोटो मी कवा काढला? लग्नाचा रोल संपत आला, दोन फोटो उरले, की ये वं म्हनून हाक मारली. ती भाकरीचा हात पुसत आली, उभ्याउभ्या चिट् केलं, चालली चुलीपाशी. बसवून, मोजून कवा काढलाच नाई."

मामी म्हनली, "आता बी दोनच उरले हायेत."

ते खरं होतं. अकरावा अन् बारावा.

अकराव्याले मामाजीनं सांगितलं, दम धर, हलू नको, मी मोजतो. बटन दाबलं. एक. मामीचे डोळे मिटले. दोन. उघडले. अन् मामी उठली. तिले गॅसवरचं दूध आठवलं. उतू चाललं होतं हे खरं हाय, पन फोटो गेला. बायकोनं गॅस बंद केला. मले पाठवत होती, मंग इचार बदलून स्वतः गेली.

बाराव्याच्या वेळी मामाजीनं घाई केली नाई. तिपाई सोडून खुर्चीपाशी गेले, हातानं चाचपून मामीचा पदर सरळ केला, हनुवटी जराशी वर केली अन् म्हनले, "काही करू नको. बस फक्त. डोळे मिटले तरी चालते."

असं तिले आजपर्यंत कोनी म्हनलं नसंल. प्रत्येकानं सांगितलं, मिटू नको. मामाजी कॅमेऱ्यामागं गेले अन् बटन दाबलं. एक. डोळे मिटले. दोन. उघडले. तीन. ती कॅमेऱ्याकडं पाहतच नव्हती, वरून त्याईले पाहून राह्यली होती. चार म्हनून त्याईनं बोट उचललं. पाकळ्या मिटल्या. माह्या आयुष्यातले ते सगळ्यात लांब चार अंक होते, अन् मले शंभरापर्यंत येतात.

फिल्म मामाजीनंच धुतली. दुपारी न्हानीच्या दाराले दोन सतरंज्या लावल्या, फटीत कपडे कोंबले, आत मिट्ट काळोख. रोल डब्यात भराचा असते तो अंधारातच. तिथं त्याईले कोनाची गरज पडली नाई. मले बाहेर पहाऱ्यावर बसवलं अन् बायकोले मधून हाक मारली, औषधाच्या पान्याचं थर्मामीटर वाचाले. मी म्हनलो, मले बी आकडे येतात. आतून परत बायकोलेच हाक आली.

फिल्म वाळली. दहावा फोटो उन्हात अडकल्यामुळं सारा जळून गेला होता, वळखू येईना. बाकीचे मेहकरच्या एका दुकानातून कागदावर काढून आनले. नवातल्या आठ फोटोत मामी झोपेल, अन् एकात एकच डोळा उघडा. अकराव्यात खुर्ची हाय, अन् खुर्चीवरून उठनारं धुकं हाय.

बारावा मामाजीनं हातात घेतला. फोटो एकदम त्याईच्या डोळ्यात मावत नव्हता. कागद त्याईनं हळूहळू सरकवला. आधी कपाळ आलं, मंग एक डोळा. तिथं थांबले. मंग जरा सरकवून दुसरा. परत पहिल्यावर गेले. असं तीनदा केलं.

"दोन्ही उघडे हायेत," ते म्हनले.

मामीनं फोटो घेतला, लांब धरून पाह्यला अन् म्हनली, "इतकी काय पाहून राह्यली मी?"

मामाजीनं हात पुढं करून फोटो परत मागून घेतला.

चाचानं माही कुपी परत देल्ली. कॅमेरा आता डोनगावलेच हाय, लोखंडी कपाटात. यंदाच्या दसऱ्याले मामाजीनं आमाले तिकडंच बोलावलं. पाट मांडला, कॅमेरा ठेवला, फूल वाहिलं. मले त्याईनं पाटापासून पाच पावलं दूर उभं केलं. पावलं त्याईनं स्वतः मोजली. मंग म्हनले, जवाई, तिथूनच हात जोडा.

मी जोडले. तिथून बी पूजा होते म्हनतात.